पाठराखिणीची साडी

"रुक्मिणीबाई, पोरगी तुमचंच ऐकते. तुम्ही एकदा नेऊन पोचवा तिला, पुढचं काय ते आम्ही बघून घेऊ," असं म्हणत भैयासाहेबांनी पोह्यांची बशी स्वतःच्या हातानं पुढं सरकवली, तेव्हाच रुक्मिणीच्या लक्षात आलं की काम अवघड आहे.

सोप्या कामाला या घरात नुसता चहा मिळायचा. करंज्या करून द्या, अनारशाचं पीठ बघून जा, रुखवत मांडून द्या, असल्या कामांसाठी तिला मागच्या दारानं बोलावणं येई आणि भैयासाहेबांच्या पत्नी अंजूबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातच काय ते सांगत. आज मात्र दिवाणखान्यात, फेटेवाल्या आजोबांच्या तसबिरीखाली खुर्ची दिली होती. पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावणाचा मसाला, आणि त्याच्यावर डाळिंबाचे दाणे. इतके डाळिंबाचे दाणे कुणी उगाच घालत नाही.

"झालं तरी काय?" रुक्मिणीनं विचारलं. तिला माहीत होतं. धार काही एवढं मोठं गाव नाही. भैयासाहेबांची अनन्या एकटीच, एक बॅग घेऊन देवासहून परत आली, ही बातमी तिची बस घोडा चौपाटीला टेकायच्या आधी बाजारात पोचली होती.

"काही नाही हो. नवरा-बायकोचं. अर्पितरावांचा गुस्सा जरा तेज आहे. एक लगावली त्यांनी."

"एकच," अंजूबाई आतून म्हणाल्या.

हा 'एकच' रुक्मिणीनं पुष्कळ घरांत ऐकला होता. दोन लगावल्या असं कबूल करणारं माहेर तिला अजून भेटायचं होतं.

अनन्या आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चांगले नऊ महिने झाले होते लग्नाला. पण पोरगी अशी उभी होती जशी पाहुण्यांच्या घरी उभी राहावी. ती बापाकडे बघत होती, आणि बाप पोह्यांकडे.

"मावशी येत असेल तर जाते मी," ती म्हणाली.

भैयासाहेबांनी केवढा तरी सुस्कारा सोडला. मग रुक्मिणीनं पोहे खाल्ले. अन्नावर राग काढायचा नाही, अशी तिची शिस्त होती.

*

रुक्मिणीला धारची मराठी मंडळी दोन गोष्टींसाठी ओळखत: रुखवत आणि पाठराखण. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरची एक जाणती बाई जाते, चार दिवस तिथं राहते, पोरीचा जीव रमला की परत येते. तिकडं महाराष्ट्रात म्हणे आता ही चाल उरली नाही. नवरा-नवरी दुसऱ्या दिवशीच विमानात बसतात. पण माळव्यातली जुनी घरं असल्या बाबतीत भलती हट्टी. पोराला मराठीची एक ओळ वाचता येत नसली तरी चालेल, पाठराखीण मात्र पाहिजे. आणि घरातल्या काकू-आत्यांना कुठं सवड असते? मग रुक्मिणी. नाव कुठल्याही घराण्याचं असो, पाठ रुक्मिणीनं राखायची.

ती ते काम जीव लावून करी. सासरच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून भाजी निवडता निवडता सासूच्या कानावर घाली, की ही पोर भुकेली झाली की चिडते, तिला आधी खायला द्या मग काय ते बोला. हिला अंधाराची भीती वाटते, जिन्यातला दिवा चालू ठेवा. सासवा हसत, पण दिवा चालू राही.

या कामाचा एक नियम होता. तो तिच्या आतेसासूनं तिला घालून दिला होता: नवरी स्वतःच्या तोंडानं 'जा' म्हणेल तोवर पाठराखिणीनं आपल्या चपला शोधायच्या नाहीत. बहुतेक पोरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाजत म्हणत, "मावशी, जा तू आता." मग सासू पाठराखिणीच्या ओटीत साडी घाली. साडी घेतली की पाठराखण फिटली. रुक्मिणीची ट्रंक असल्या साड्यांनी भरली होती, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक साडी ती 'अमकीच्या घरची' म्हणूनच ओळखे.

घरी आली तेव्हा यशवंतराव ओट्यावर बसून रेडिओचे सेल उन्हात तापवत होते. नगरपालिकेच्या नळखात्यातून निवृत्त झालेला माणूस. अख्ख्या धारला पाणी सोडलं, पण घरच्या नळाचा वॉशर बदलायला बायकोनं तीनदा सांगावं लागे.

"जाऊन राहिलीस तर जा," सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले. "पण नवरा-बायकोच्या मध्ये पडू नको. मध्ये पडणाऱ्याचं हाड मोडतं."

"आणि कुणीच नाही पडलं तर कुणाचं मोडतं?"

यशवंतराव उठले. उत्तर सुचलं नाही की ते उठून चहा ठेवत. उभ्या संसारात त्यांनी फार चहा ठेवला होता, आणि बायकोवर हात उचलण्याचा विचार मात्र त्यांच्या डोक्याला कधी शिवला नव्हता. यात काही विशेष आहे असं त्या दोघांनाही वाटत नसे.

रुक्मिणीनं ट्रंक उघडून राणी रंगाची माहेश्वरी साडी काढली. ही अनन्याच्या सासूनं, बकुळाबाईंनी दिलेली. हीच नेसून जावं, त्यांना बरं वाटेल, असं आधी मनात आलं. पण सकाळी निघताना तिनं आपली रोजचीच सुती साडी नेसली आणि माहेश्वरी घडी करून पिशवीत तळाशी ठेवली.

*

बस घाटाबिल्लोदच्या पुढं गेली तरी अनन्या खिडकीबाहेर बघत होती. दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. रुक्मिणी तिच्या डाव्या हाताला बसली होती, आणि तिनं आपलं ठेवणीतलं भाषण काढलं. भांड्याला भांडं लागतंच. पुरुषाचा राग दुधाच्या उतासारखा, आच कमी केली की खाली बसतो. तू पण थोडं सांभाळून घे. हे भाषण तिनं इतक्या पोरींना दिलं होतं की बोलता बोलता ती मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करू शकत असे.

अनन्या हूं की चूं करेना. रुसली असेल, असं रुक्मिणीला वाटलं. बेटमा गेलं. मग अनन्यानं एकदम मान वळवली.

"मावशी, तू काही बोलत होतीस का गं?"

"अगं मघापासून बोलून राहिले!"

"इकडून नाही ऐकू येत मला." तिनं डाव्या कानाला बोट लावलं. "तू खिडकीत बस ना. मग तू उजवीकडे येशील."

चालत्या बसमध्ये दोघींनी जागा बदलल्या. कंडक्टर ओरडला, "अरे माताजी, बैठ जाओ, गिर जाओगी!" रुक्मिणी खिडकीशी बसली. तिचं सगळं भाषण त्या बहिऱ्या कानावर पडून वाया गेलं होतं, आणि तिच्या मनात आलं की बरंच झालं.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. आधी आत शिटी वाजत होती. आता काहीच नाही."

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. तिनं लसणाचं तेल घातलं दोन थेंब. म्हणाली, बाबांना सांगू नको, त्यांचं बीपी वाढेल."

"आणि अर्पितला?"

"त्याला सांगितलं तर तो म्हणणार, नाटक करून राहिली आहे." "मी एवढंच विचारलं होतं मावशी, की माझ्या मोबाईलचा पासवर्ड तू कशाला बदललास. बस. एवढंच विचारलं होतं."

रुक्मिणीनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. या हाताला लग्नाच्या आदल्या रात्री तिनंच मेंदी पुसून तेल लावलं होतं.

"मग परत कशाला निघालीस, बाई?"

"बाबा जेवत नव्हते गं," अनन्या म्हणाली. "ताट समोर घेऊन नुसते बसायचे. आणि तू आहेस ना."

'तू आहेस ना' हे शब्द रुक्मिणीला इंदूर येईपर्यंत टोचत राहिले. आपण आहोत खऱ्या, पण किती वेळ? साडी हातात पडेपर्यंत.

*

देवासचं घर माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या वस्तीत होतं. बकुळाबाई दारातच भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. सुनेवरून ओवाळून टाकताना त्यांचे डोळे भरले. बाई मुळात प्रेमळ. लग्नानंतरच्या त्या चार दिवसांत रुक्मिणीची आणि त्यांची चांगली गट्टी जमली होती. फक्त त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागे. कान जरा कमी आलेत, वय झालं, असं त्या हसून सांगत. घरातला टीव्हीसुद्धा एवढ्या मोठ्यानं चाले की शेजारच्यांना वेगळा घ्यायची गरज पडू नये.

"आलीस ना, बस झालं," त्या अनन्याला म्हणाल्या. "बाफले केलेत तुझ्यासाठी. चुरम्याचे लाडू पण."

सासरे तुकोजीराव पेपर खाली करून म्हणाले, "या रुक्मिणीबाई. भैयासाहेबांनी तुम्हाला धाडलं, हे उत्तम केलं. आमच्या घराण्यात सुनेला लक्ष्मी मानतात." आणि पेपर पुन्हा वर केला.

अर्पित जेवायच्या वेळेला कारखान्यातून आला. येताना कचोऱ्या घेऊन आला, वाकून रुक्मिणीच्या पाया पडला. दिसायला गोड, वागायला मोकळा. याच मुलासाठी रुक्मिणीनं रुखवतात साखरेचा राजवाडा केला होता, आणि त्यानं मुंडावळ्या सोडायच्या आधी त्याचा एक बुरूज मोडून खाल्ला होता, तेव्हा सगळा मांडव हसला होता. ती पण हसली होती.

"गुस्से में हो गया, मावशी," तो म्हणाला. "कारखान्यात टेंशन असतं. मी सॉरी म्हटलं ना हिला. व्हाट्सॲपवर पण टाकलं. आता अजून काय करायचं?"

खरंच, आणखी काय करायचं ते त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

टेबलाशी जेवायला बसले. अर्पित अनन्याच्या डाव्या हाताला बसला. बकुळाबाई बाफल्यांचे भाजलेले कणकेचे गोळे कुस्करून त्यावर तूप ओतत होत्या, तुकोजीराव डाळीत लिंबू पिळत होते. टीव्हीवर कुणीतरी मोठमोठ्यानं भविष्य सांगत होतं.

"अनन्या, तूप दे इकडे," अर्पित म्हणाला.

अनन्या डाळ वाढून घेत होती.

"अनन्या, तूप."

तिनं वर पाहिलंच नाही. रुक्मिणी समोरच बसली होती. तिला सगळं दिसत होतं.

"ए अनन्या!"

तिसऱ्या हाकेला त्याचा चेहरा बदलला. फार नाही, नाकाच्या शेंड्याशी थोडासा. "बघा! बघा मावशी, हेच!" तो म्हणाला. "माणूस बोलून राहिला आणि ही भिंतीसारखी बसून राहिली. दहा-दहा वेळा हाका माराव्या लागतात. मग माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय?" आणि त्यानं टेबलावर थाडकन हात आपटला.

आवाज अनन्याला किती ऐकू आला कोण जाणे. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला वर गेलेला हात दिसला असावा. तिचा डावा हात झटकन कानावर गेला, खांदा वर आला, आणि वाटी लवंडून डाळ टेबलभर पसरली. कुणी कुणाला मारलं नव्हतं. अर्पित तर चकितच झाला होता. पण रुक्मिणीला त्या घरातले पुढचे सगळे दिवस लख्ख दिसले. त्यानं मारलं म्हणून तिला ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नाही म्हणून तो मारणार होता.

तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"अर्पितराव, तिला त्या कानानं ऐकू येत नाही. तुम्ही लगावलीत त्या दिवसापासून."

"काय? एका झापडनं?" अर्पित हसला. ते हसू बरं नव्हतं, पण त्यात भीतीही होती. "मावशी, काही पण काय! नाटक आहे हे. अनन्या, खरं सांग."

"पोरी नाजूक झाल्यात आजकालच्या," तुकोजीराव डाळ ओरपत म्हणाले. "आमच्या वेळी एवढ्यातेवढ्यानं कुणी कान धरून बसत नव्हतं."

बकुळाबाई नवऱ्याच्या ओठांकडे बघत होत्या. त्यांनी तुपाची लोटी खाली ठेवली, उठल्या आणि टीव्ही बंद केला. त्या घरात भरदुपारी टीव्ही बंद झालेला रुक्मिणीनं पहिल्यांदाच पाहिला.

मग रुक्मिणीही उठली. टेबलाला वळसा घालून अनन्याच्या उजव्या हाताला गेली, खाली वाकली आणि पाठराखणीच्या चौथ्या दिवशी विचारावं तसं विचारलं, "बाई गं, मी जाऊ?"

अनन्यानं नवऱ्याकडे पाहिलं नाही, सासऱ्यांकडे पाहिलं नाही. ती पसरलेल्या डाळीकडे बघत होती. "नको," ती म्हणाली. आणि मग जरा मोठ्यानं, "जायचं असेल तर मी पण येते."

"हे काय नवीन?" अर्पित उभा राहिला. "मावशी, तुम्हाला तिला सोडायला पाठवलं होतं की घेऊन जायला?"

त्यानं दाराशी जाऊन उभं राहायला दोन पावलं टाकलीही. आयुष्यात रुक्मिणीनं कुठल्या जावयाला उलटून उत्तर दिलं नव्हतं. जावई म्हणजे अधिकाचं वाण, ताटाभोवती रांगोळी काढायची. तिनं पिशवीत हात घातला. तळाशी हात गेला आणि माहेश्वरी वर आली.

"बकुळाबाई," ती मोठ्यानं म्हणाली, "ही तुमची साडी. तेव्हा मी घेतली, चुकून लवकर घेतली. पाठराखण अजून फिटली नाही माझी." आणि तिनं ती राणी रंगाची घडी बकुळाबाईंच्या ओटीत घातली.

साडी परत आलेली बघायची वेळ त्या घराण्यावर कधी आली नसावी. तुकोजीरावांनी लिंबाची फोड खाली ठेवली. "भैयासाहेबांना फोन लावतो मी."

"लावा," रुक्मिणी म्हणाली. "मी पण तिकडंच चालले आहे."

साडी पोटाशी धरून बकुळाबाई आत गेल्या. अनन्यानं आपली बॅग उचलली. ती अजून उघडलीच नव्हती. अर्पित दारात होता. तो हलेना. मग बकुळाबाई आतून आल्या, त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. त्यांनी दुसऱ्या हातानं मुलाला बाजूला सारलं, चूल सारवताना पोराला सारावं तसं, आणि तो सरकला.

फाटकाशी त्यांनी डबा अनन्याच्या हातात दिला, रुक्मिणीला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी लागून कुजबुजल्या. निदान त्यांना वाटलं की आपण कुजबुजतोय. कमी ऐकणाऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. ओसरीवरच्या सगळ्यांना ते स्वच्छ ऐकू आलं.

"डॉक्टरला दाखवा तिला. आजच दाखवा. मी दाखवलं नव्हतं."

तुकोजीरावांनी ओसरीवर पेपर उघडला होता. बराच वेळ त्याचं पान उलटलं नाही.

*

इंदूरला उतरून त्या कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. पडदा फाटला आहे, म्हणाला. तरुण वय आहे, भरून येईल कदाचित. पूर्ण नाही आला तर ऑपरेशन. तेल घातलं हे ऐकून तो फार रागावला आणि रुक्मिणीनं ते रागावणं अंजूबाईंच्या वतीनं ऐकून घेतलं.

धारला पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. भैयासाहेब पुढच्या ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. देवासचा फोन येऊन गेला होता, हे त्यांच्या मानेच्या शिरांवरून कळत होतं.

"काय करून बसलात हे रुक्मिणीबाई? तुम्हाला पोचवायला सांगितलं होतं. पोचवायला!"

"मी पाठराखीण आहे, भैयासाहेब," रुक्मिणी म्हणाली. दिवसभराच्या प्रवासानं तिचे पाय भरून आले होते आणि भीती कुठल्या कुठं गेली होती. "कुरियरवाली नाही."

भैयासाहेबांना असं कुणी कधी बोललं नव्हतं, निदान पुढच्या ओसरीवर तरी नाही. ते लेकीकडे वळले. ती पायरीवर बसून सँडलचा बंद सोडत होती. ते तिच्या डाव्या बाजूला उभे होते.

"अनू," ते म्हणाले.

ती बंद सोडत राहिली.

"अनू, मी तुझ्याशी बोलतोय."

दारात अंजूबाईंनी पदर तोंडाशी नेला. भैयासाहेबांनी बायकोकडे पाहिलं, रुक्मिणीकडे पाहिलं, आणि मग त्यांना उमगलं. लहान असताना ही पोर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी त्यांच्या स्कूटरचा आवाज ओळखून फाटकाकडे पळत यायची. ते तिच्या मागून वळसा घालून गेले. गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, ते तिच्या उजव्या हाताला त्याच पायरीवर बसले. जिथं चपला काढतात त्या पायरीवर भैयासाहेबांना कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"जेवलीस का गं?" त्यांनी विचारलं.

"बाफले आहेत डब्यात. आईंनी दिलेत."

"आण इकडे."

गार बाफला भैयासाहेबांना मुळीच चालत नसे. बाप-लेकीनं पायरीवर बसून डबा संपवला. घास तोंडात असतानाच त्यांना रडू आलं, आणि ते खोकल्यासारखं करत राहिले. अंजूबाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या पण तिथंच बसल्या. रुक्मिणी चपला न शोधता बाजूला उभी होती, तेव्हा अनन्यानं मान वर केली.

"जा तू आता, मावशी," ती म्हणाली.

*

गणपती उठल्यावर कोरडं ऊन पडलं, तशा रुक्मिणीनं ट्रंकेतल्या साड्या ऊन दाखवायला काढल्या. अनन्या तेव्हा धारमध्येच होती. कानाचं औषध चालू होतं आणि इंदूरच्या एका वकीलबाईंकडे भैयासाहेब स्वतः तिला घेऊन जात होते, उजव्या बाजूनं चालत.

यशवंतरावांनी अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या. न सांगता बांधल्या. मग रुक्मिणी एकेक घडी उलगडून देई आणि ते दोरीवर टाकत.

"ही हिरवी कुणाची?"

"नालछ्याला दिलेल्या पोरीची. तिच्या सासूनं दिलेली."

"आणि ही जांभळी?"

"ती उज्जैनची."

बघता बघता अंगण भरलं. वाऱ्यावर साड्या हलत होत्या आणि त्यांच्यामधून चालताना यशवंतराव दिसेनासे होत होते. रुक्मिणीला एरवी हे दृश्य फार आवडे. केवढ्या पोरी मार्गी लावल्या, असं वाटून तिची छाती भरून येई. आज ती नुसती बघत उभी राहिली. प्रत्येक साडीमागं एक दार होतं, आणि त्या दारातून ती 'सांभाळून घे' असं सांगून निघून आली होती. पुढं कोण कशी आहे हे तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारायची रीतच नव्हती.

दोरीच्या टोकाला एक निळी चंदेरी होती, जरीचे काठ काळवंडलेले. अल्पनाची. टोंकखुर्दला दिलेली पोरगी, हसरी, फुगड्या खेळताना कुणाला न आवरणारी. तिला आता दोन मुलं होती, शेती होती, सगळं छान होतं असं रुक्मिणी ऐकून होती.

रुक्मिणीनं पदरानं हात पुसले आणि यशवंतरावांना म्हणाली, "जरा अल्पनाचा नंबर लावून द्या मला."

"आत्ता? काय काम?"

"लावा तर."

फोन बराच वेळ वाजला. मग आवाज आला, तोच, जरा जाड झालेला. "अगं मावशी! कशी आहेस? आज एकदम कशी काय आठवण?"

"सहज गं. साड्यांना ऊन देऊन राहिले होते. तुझ्या सासूनं दिलेली निळी निघाली. म्हटलं विचारावं. तू बरी आहेस ना?"

"मी? मस्त आहे. मुलं मोठी झाली. सोयाबीन कापायला आलं आहे. सगळं छान आहे मावशी."

एरवी रुक्मिणी इथं 'सुखी राहा' म्हणाली असती. तिच्या तोंडाशी आलंही होतं. दोरीवरची निळी साडी वाऱ्यानं तिच्या खांद्याला लागली.

"छान आहे ना? मग मी जाऊ, बाई?" तिनं विचारलं.

पलीकडे कुठं तरी कुकरची शिटी झाली. एक पुरुष काहीतरी ओरडून मागत होता. रुक्मिणी फोन कानाला घट्ट लावून थांबली.

"मावशी," अल्पना हळू आवाजात म्हणाली, "ठेवू नको फोन. गच्चीवर जाऊन बोलते."

यशवंतरावांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता ते चहा ठेवायला आत गेले. रुक्मिणी साड्यांच्या सावलीत, दगडावर टेकली. फोनमध्ये जिना चढणाऱ्या पावलांचा आवाज येत होता, आणि ती तो ऐकत बसली.